जखमी दगडाचा इतिहास : लिथियम, ट्रिटियम आणि विंडस्केलची आग

मंडळी, आजचा धागा नेहमीपेक्षा लांब आहे आणि त्यात राजे, तह, लढाया काहीच नाहीत. एक धातू आहे, एक आग आहे आणि गेली नव्वद वर्षे माणसाला छळणारा एक प्रश्न आहे. सावकाश वाचा.

१० ऑक्टोबर १९५७, गुरुवार. रशियाचा स्पुटनिक आकाशात जाऊन सहा दिवस झाले होते आणि सगळ्या जगाच्या माना वर लागलेल्या होत्या. त्याच दिवशी इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, कंबरलँड परगण्यातील विंडस्केल येथे, काही माणसे एका अणुभट्टीच्या तोंडाशी उभी होती. ग्रॅफाइटच्या प्रचंड ठोकळ्यात आडवी भोके आणि त्या भोकांत धातूची नळकांडी, अशी ती भट्टी. तपमापक वेडेवाकडे आकडे दाखवीत होते. शेवटी एका भोकाचे बूच काढून आत पाहिले, तेव्हा नळकांडी लालबुंद झालेली दिसली. भट्टी पेटली होती.

या आगीविषयी अनेकांनी वाचले असेल. त्या भोकांतील काही नळकांड्यांत मात्र युरेनियम नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांत लिथियम आणि मॅग्नेशियम यांचा मिश्रधातू होता. तो तिथे का होता आणि ग्रॅफाइट मुळात तापवावे का लागत होते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यांच्या गुंत्यातून जो तिसरा प्रश्न निघतो, तो आजही सुटलेला नाही. सूर्याची ऊर्जा पृथ्वीवर आणू पाहणाऱ्या प्रत्येक देशाच्या प्रयोगशाळेत तो मांडून ठेवलेला आहे. त्यात आपलाही देश आला.

प्रथम लिथियम. १८१७ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत योहान ऑगस्ट आर्फवेडसन नावाचा तरुण उटो बेटावरील पेटलाइट या खनिजाचे पृथक्करण करीत होता. वजनांचा हिशेब काही केल्या जुळेना. जे कमी पडत होते ते एक नवे मूलद्रव्य निघाले. सोडियम आणि पोटॅशियम वनस्पतींच्या राखेतही सापडत. हे तेव्हा दगडात सापडले, म्हणून ग्रीक भाषेतील ‘लिथॉस’ म्हणजे दगड या शब्दावरून त्याचे नाव पडले. (पेटलाइट या खनिजाचे पहिले वर्णन करणारे जोझे बोनिफासियो पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचे शिल्पकार ठरले. त्यांच्यावर वेगळा धागा होऊ शकेल.) नाव दगडाचे असले, तरी शुद्ध लिथियम इतके मऊ असते की चाकूने कापता येते आणि इतके हलके की तेलावरही तरंगते. पाण्याशी त्याची लगेच झटापट होते. हा स्वभाव ध्यानात ठेवा. पुढे कामास येईल.

आता एकदम केंब्रिज, १४ एप्रिल १९३२. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जॉन कॉकक्रॉफ्ट आणि अर्नेस्ट वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेगवान केलेले प्रोटॉन लिथियमवर आदळवले आणि त्याच्या अणुकेंद्राचे दोन तुकडे केले. यंत्राच्या साह्याने वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडण्याची ती पहिली वेळ. दोन वर्षांनी, १९३४ च्या मार्चमध्ये, त्याच प्रयोगशाळेतून रदरफर्ड, मार्क ऑलिफंट आणि पॉल हार्टेक यांनी जाहीर केले की, जड हायड्रोजनवर जड हायड्रोजनच आदळवला असता तीन वस्तुमानाचा हायड्रोजन निर्माण होतो. हाच तो ट्रिटियम. गंमत अशी की, रदरफर्डना तो टिकाऊ वाटला. जड पाण्यात तो निसर्गतः सापडेल म्हणून त्यांनी नॉर्वेहून आणलेल्या पाण्यात त्याचा शोध घेतला आणि त्यांना तो सापडला नाही. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, हे १९३९ मध्ये अमेरिकेत लुई आल्व्हारेझ आणि रॉबर्ट कॉर्नोग यांनी दाखवले. त्याचे अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षे. म्हणजे आज तिजोरीत एक किलो ठेवले, तर मुलगा सातवीत जाईपर्यंत अर्धाच किलो उरणार. असा पदार्थ साठवून ठेवता येत नाही, सतत पिकवावा लागतो.

तो पिकवण्याची रीतही केंब्रिजमध्येच सापडली. १९३५ साली जेम्स चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी पाहिले की मंद न्यूट्रॉन लिथियमच्या अणुकेंद्रात शिरला की त्याचे विघटन होते. हे घडते ते लिथियम-६ या समस्थानिकात, आणि नैसर्गिक लिथियममध्ये त्याचे प्रमाण जेमतेम साडेसात टक्के. विघटनातून दोन तुकडे निघतात : एक हीलियमचे अणुकेंद्र, दुसरे ट्रिटियमचे. दोघे परस्परविरुद्ध दिशांना सुसाट सुटतात आणि दोघांची मिळून ऊर्जा सुमारे ४८ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. स्फटिकात बसलेल्या एखाद्या अणूला त्याच्या जागेवरून कायमचे हुसकायला काही दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. या दोन आकड्यांमधील तफावत हाच आजच्या कथेचा गाभा आहे.

त्या काळी केंब्रिजमध्ये मुंबईहून गेलेला एक तरुण शिकत होता. घरच्यांच्या इच्छेखातर अभियांत्रिकीची परीक्षा उत्तम गुणांनी देऊन तो सैद्धांतिक भौतिकीकडे वळला होता. होमी भाभा त्याचे नाव. कॉकक्रॉफ्ट यांच्याशी त्याचे स्नेहसंबंध पुढे आयुष्यभर टिकले. त्याच्याकडे आपण परत येऊ.

आता दुसरा धागा, जखमांचा. दगड प्रारणाने जखमी होतो हे माणसाला अणुभट्टीच्या कितीतरी आधी ठाऊक होते. त्याला फक्त त्याचे कारण ठाऊक नव्हते. १८९३ साली नॉर्वेच्या ब्रॉगर यांनी काही खनिजांना ‘मेटामिक्ट’ असे नाव दिले. ती बाहेरून स्फटिकासारखी रेखीव, पण आतून काचेसारखी विस्कटलेली असत. बेकरेल यांचा किरणोत्साराचा शोध अजून तीन वर्षे दूर होता, त्यामुळे आतल्या युरेनियम-थोरियमनेच या खनिजांची ही दशा केली हे तेव्हा कोणास कळणार? त्याच दशकात गोल्डश्टाइन यांनी ऋणकिरणांच्या माऱ्याने साध्या मिठाला रंग चढवून दाखवला. पुढे जर्मनीत ग्योटिंगेन येथे रॉबर्ट पोल यांच्या शिष्यमंडळीने या रंगांचा पाठपुरावा केला. त्यांतून स्पष्ट झाले ते असे : स्फटिकातील एखादा अणू जागेवरून निघून गेला की तिथे रिकामी जागा उरते; त्या जागेत एखादा इलेक्ट्रॉन अडकतो; आणि तो प्रकाशाचा ठरावीक रंग शोषू लागतो. अशा जागांना त्यांनी ‘रंगकेंद्रे’ म्हटले. म्हणजे स्फटिकाचा बदललेला रंग ही त्याच्या आतील जखमेची खूण.

१९४२ मध्ये शिकागोत हा विषय विद्वत्तेच्या कुतूहलातून बाहेर पडून थेट युद्धाच्या गरजेत आला. प्लुटोनियम पिकवण्यासाठी ग्रॅफाइटच्या प्रचंड भट्ट्या उभारायचे चालले होते. तेथे युजीन विग्नर यांनी शंका काढली. विग्नर शिक्षणाने रसायन अभियंता, त्यामुळे पदार्थ टिकणार किती ही काळजी त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांचे म्हणणे असे की, वेगवान न्यूट्रॉन कार्बनच्या अणूंना जागेवरून ढकलीत राहतील आणि कालांतराने ग्रॅफाइट फुगेल, वाकडे होईल, त्याचे गुण पालटतील. सहकाऱ्यांनी या भाकिताला थट्टेने ‘विग्नरचा आजार’ म्हटले. लिओ झिलार्ड यांनी त्यात भर घातली : हललेला प्रत्येक अणू ताणलेल्या स्प्रिंगसारखा ऊर्जा धरून ठेवील आणि ती ऊर्जा एखाद्या दिवशी एकदम बाहेर पडेल. थट्टा फार दिवस टिकली नाही. अमेरिकेत हॅनफर्ड येथील भट्ट्यांचे ग्रॅफाइट खरोखरच फुगू लागले आणि मार्च १९४६ मध्ये ‘बी’ भट्टी काही काळ बंद करून राखून ठेवावी लागली.

त्याच वर्षी अमेरिकेने मॅकमहॉन कायदा करून आपले अणुज्ञान मित्रराष्ट्रांनाही देणे थांबवले. ब्रिटनने मग घाईघाईने, स्वतःच्या बळावर विंडस्केलच्या दोन भट्ट्या बांधल्या. पाण्याऐवजी हवेने थंड होणाऱ्या. पंखे बाहेरची हवा आत ढकलीत आणि ती सुमारे चारशे फुटी धुराड्यांतून बाहेर सोडीत. या भट्ट्यांचे ग्रॅफाइट तुलनेने थंड राही आणि नेमका तोच दोष ठरला. स्फटिक तप्त असेल, तर हललेले अणू थरथरत, सरकत पुष्कळ वेळा आपल्या जागी परत येतात. जखम होता होता भरत जाते. थंड स्फटिकात मात्र जखमा गोठून राहतात आणि साठतात. १९५२ मध्ये साठलेली ऊर्जा अचानक मुक्त होऊन विंडस्केलचे तपमान आपोआप चढले, तेव्हा तेथील अभियंत्यांना या गोष्टीचा खरा अर्थ कळला. उपाय म्हणून ठरावीक काळाने भट्टी मुद्दाम तापवायची, साठलेली ऊर्जा सोडवून घ्यायची आणि मग ती थंड होऊ द्यायची, असा प्रघात पडला. ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिल्या भट्टीत हेच काम नवव्यांदा चालू होते.

आणि लिथियम? ब्रिटनला हायड्रोजन बॉम्ब हवा होता, बॉम्बला ट्रिटियम हवा होता आणि न्यूट्रॉन पुरवणारी भट्टी घरी होतीच. तेव्हा प्लुटोनियमसाठी बांधलेल्या भट्टीच्या भोकांत लिथियम-मॅग्नेशियमच्या कांड्या अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनात बसवून सरकवण्यात आल्या. मूळ आराखड्यात हे काम नव्हते. राजकारणाची निकड अभियंत्यांच्या डोक्यावर बसली की काय होते याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला तरी आठवत नाही.

७ ऑक्टोबरला तापवण्याचे काम सुरू झाले. ऊर्जा पुरेशी सुटली नाही असे वाटून ८ तारखेला भट्टी पुन्हा तापवली. १० तारखेला धुराड्यातील किरणोत्सार वाढलेला आढळला. विल्यम पेनी यांच्या चौकशी समितीने दुसऱ्यांदा तापवण्यातील घाईकडे आणि त्यातून फुटलेल्या नळकांड्यांकडे बोट दाखवले. युरेनियमच्या आधी लिथियम-मॅग्नेशियमचेच एखादे नळकांडे फुटले असावे, ही शक्यताही तेव्हापासून चर्चेत आहे. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला, पण आग विझेना. भट्टीचे उपव्यवस्थापक टॉम टुही पुन्हा पुन्हा माथ्यावर चढून ज्वाळांचा रंग पाहून येत होते. शेवटी ११ तारखेच्या सकाळी पाणी सोडले. तप्त धातूवर पाणी पडून स्फोट होण्याचा धोका सर्वांना ठाऊक होता. तो झाला नाही. टुहींनी हवेचे पंखेही बंद करवले आणि आग दबली. सुमारे ५०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातील गोठ्यांचे दूध काही आठवडे ओतून द्यावे लागले, कारण आयोडीन-१३१ गवतावर उतरले होते.

याहून मोठा अनर्थ टळला, तो धुराड्यांच्या माथ्यावरील गाळण्यांमुळे. या गाळण्या बसवाव्यात असा हट्ट धरणारा माणूस म्हणजे हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्राचा संचालक जॉन कॉकक्रॉफ्ट. लिथियम फोडणारा तोच! बांधकाम अर्ध्यावर असताना एवढे वजन धुराड्याच्या टोकाला चढवणे म्हणजे खुळेपणा, म्हणून लोकांनी त्या गाळण्यांना ‘कॉकक्रॉफ्टचा मूर्खपणा’ असे नाव दिले होते. आगीनंतर ते नाव कोणी हसत घेतले नाही.

पेनी समितीचा पूर्ण अहवाल पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी दाबून ठेवला. अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी चालू होती आणि ब्रिटिश अभियंत्यांची अब्रू तेव्हा सांभाळायची होती. तो लोकांसमोर आला जानेवारी १९८८ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

लिथियमने माणसाला दगा देण्याची ही पहिली खेप नव्हती, हेही येथेच सांगून टाकतो. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी येथे ‘कॅसल ब्राव्हो’ हा स्फोट केला. त्यात लिथियम-६ चे प्रमाण साधारण ४० टक्के होते आणि उरलेले लिथियम-७ निष्क्रिय मानले होते. अंदाज सुमारे ६ मेगाटनांचा. स्फोट झाला १५ मेगाटनांचा. अतिवेगवान न्यूट्रॉन लागला की लिथियम-७ सुद्धा ट्रिटियम देतो, हे हिशेबात धरलेच नव्हते. राखेचा पाऊस रोंगेलाप बेटावरील लोकांवर आणि ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेतील २३ जणांवर पडला. त्यांपैकी आइकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ रोजी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली, ती या घटनेनंतरच. ज्या प्रक्रियेने इतका विध्वंस केला, तीच पुढे शांततेच्या भट्टीत वरकड ट्रिटियम देणारी म्हणून उपयोगाची ठरणार होती.

आता भाभांकडे. ऑगस्ट १९५५, जिनिव्हा. अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केले की, पुढील दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची रीत सापडेल. सभागृहातील कितीतरी जणांना आपापल्या देशांत हे संशोधन गुप्तपणे चालू असल्याचे ठाऊक होते, पण बोलण्याची मुभा नव्हती. भाभांनी तो पडदा किलकिला केला. आणि जानेवारी १९५८ मध्ये, विंडस्केलच्या आगीनंतर साडेतीन महिन्यांनी, पुन्हा आपले कॉकक्रॉफ्टच! हार्वेलच्या ‘झेटा’ यंत्रात निघालेले न्यूट्रॉन संमीलनाचे असावेत याची आपल्याला ९० टक्के खात्री आहे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले. वृत्तपत्रांनी इंग्लंडमध्ये सूर्य उगवल्याच्या थाटात बातम्या छापल्या. मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

दोघांचेही भाकीत चुकले ते प्लाझ्माच्या चंचलपणामुळे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरेच आहे. पण समजा, प्लाझ्मा उद्या शहाणा झाला. मग इंधन?

संमीलनाची सर्वांत सोपी जोडी म्हणजे ड्युटेरियम आणि ट्रिटियम. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यात आहे. ट्रिटियमचे गणित मात्र मांडून पाहा. १००० मेगावॉट संमीलन-ऊर्जा वर्षभर अखंड निर्माण करायला सुमारे ५६ किलो ट्रिटियम जाळावे लागते. जगातील मुलकी साठा साधारण २५ ते ३० किलोंचा आणि तोही बव्हंशी कॅनडाच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेला. (आपल्या तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या भट्ट्याही जड पाण्याच्याच; त्यांच्या पाण्यातही ट्रिटियम तयार होते.) शिवाय हा साठा दरवर्षी साडेपाच टक्क्यांनी आपोआप घटतो. तेव्हा संमीलनाच्या भट्टीने आपले इंधन आपणच पिकवले पाहिजे. तिच्या प्रत्येक संमीलनातून एकच न्यूट्रॉन निघतो. त्याने लिथियम गाठून निदान एक ट्रिटियम जन्माला घातला पाहिजे आणि गळती, घट, साठवण भरून काढायला किंचित वर. त्यासाठी बेरिलियम किंवा शिसे मध्ये ठेवून न्यूट्रॉनांची संख्या वाढवावी लागते. हिशेबात फार सवड नाही. पिकलेल्या ट्रिटियमपैकी थोडाही कोठे अडकून राहिला, तर सगळे गणित कोसळते.

आणि तो अडकतो. कुठे? जखमांत.

भट्टीभोवती लिथियमचे जे वेष्टन असावे लागते, त्यात वितळलेला शुद्ध लिथियम वापरण्याचा विचार आरंभापासून होता. पण पाण्याशी आणि हवेशी त्याचे वैर आपण पाहिलेच. म्हणून १९७० च्या दशकापासून संशोधक दगडाकडे वळले : लिथियम ऑक्साइड, अ‍ॅल्युमिनेट, झिर्कोनेट, ऑर्थोसिलिकेट, टायटनेट. आर्फवेडसनने दगडातून बाहेर काढलेले मूलद्रव्य दीडशे वर्षांनी पुन्हा दगडात बसवले गेले. हे सिरॅमिक पेटत नाही आणि तापही सहन करते. साबुदाण्याहून लहान, एक मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक अशा गोळ्या करायच्या, त्या पेट्यांत भरायच्या आणि मधल्या फटींतून हीलियम वायू खेळवून ट्रिटियम वाहून न्यायचा. जर्मनीत कार्ल्सरुहे येथे ऑर्थोसिलिकेटच्या गोळ्या झाल्या, जपानने टायटनेटवर भर दिला.

अशा एका गोळीच्या आत काय घडते ते पाहू. न्यूट्रॉन लिथियम-६ मध्ये शिरतो. ट्रिटियम आणि हीलियम विरुद्ध दिशांना धावतात. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात दोघे थांबतात. बरीच ऊर्जा इलेक्ट्रॉनांना ढकलण्यात जाते, पण वाटेच्या अखेरीस अणूंशी थेट टकरा होतात आणि लिथियम, ऑक्सिजन, सिलिकॉन जे भेटेल ते जागेवरून उडते. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांत इलेक्ट्रॉन अडकतात. ग्योटिंगेनची तीच रंगकेंद्रे! पांढरीशुभ्र गोळी काळवंडते. जपानच्या अणुऊर्जा संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात लिथियम ऑक्साइडमधील या केंद्रांचा चुंबकीय पद्धतींनी बारकाईने अभ्यास झाला.

मात्र ग्रॅफाइटहून येथे एक भेद आहे आणि तोच मला सर्वांत विलक्षण वाटतो. विंडस्केलमध्ये मारेकरी बाहेरून येत होता. येथे प्रत्येक लिथियम अणू स्वतःच्या विघटनाने शेजाऱ्यांना जखमी करतो, आणि आपल्याला जे हवे आहे ते ट्रिटियम या विध्वंसाच्या टोकालाच, आपण केलेल्या जखमेशेजारी येऊन थांबते. कधी ते ऑक्सिजनला बिलगून बसते, कधी रिकाम्या जागेत शिरते. शिझुओका विद्यापीठातील प्रयोगांत असे दिसले की, सिरॅमिक तापवत नेले असता जालकातील दोष भरून येणे आणि ट्रिटियमची सुटका होणे या गोष्टी परस्परांशी निगडित आहेत. जखम बुजू लागते आणि कैदी सुटतो.

म्हणून विंडस्केलचा धडा येथे उलटा वापरला जातो. भट्टी थंड ठेवून अधूनमधून तापवण्याऐवजी सिरॅमिक कायमच तप्त ठेवायचे, साधारण ४०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, म्हणजे जखमा होता होता भरत राहतील. खाली गेले तर ट्रिटियम अडकून राहते. वर गेले तर लिथियमची वाफ होऊ लागते, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, गोळ्या तडकतात आणि भुकटीने वायूचे मार्ग बुजतात. वायूत थोडा हायड्रोजन मिसळला की पृष्ठभागावरचे ट्रिटियम लवकर सुटते, म्हणून तोही मिसळतात. पण त्याने टायटनेटमधील टायटॅनियमचे रूप बदलून गोळ्या निराळ्याच कारणाने गडद होतात. संशोधकाला मग रंग पाहून एवढेच कळते की काहीतरी झाले आहे.

काही हानी मात्र कितीही तापवले तरी भरत नाही. विघटन पावलेला लिथियम कायमचा गेलेला असतो. त्याच्या जागी हीलियम उरतो आणि कालांतराने त्याचे बुडबुडे होऊन पदार्थ फुगतो. लिथियम कमी झाल्याने सिरॅमिकची घडणच पालटते. ऑर्थोसिलिकेटमधून मेटासिलिकेट होऊ लागते. लिथियम ऑक्साइडमध्ये लिथियम सर्वांत दाट असतो, कागदावर तेच उत्तम; पण ते ओलावा शोषते आणि माऱ्याखाली इतरांपेक्षा जास्त फुगते. म्हणून मन मारून त्याला मागे सारावे लागले.

या सर्व गोष्टी कळल्या त्या विखंडनाच्या भट्ट्यांत सिरॅमिक ठेवून : अमेरिकेत ओक रिज येथील ‘ट्रायो’, कॅनडात चॉक रिव्हर येथील ‘क्रिटिक’, नेदरलँड्समध्ये पेटेन येथील ‘एक्झॉटिक’ ही प्रयोगमाला आणि हॅनफर्ड येथे जपान, कॅनडा, अमेरिका यांनी मिळून केलेला ‘बिआट्रिक्स-२’. होय, ज्या हॅनफर्डला ग्रॅफाइट फुगले तेथेच! पण ज्या भट्टीत ‘बिआट्रिक्स-२’ झाला ती १९९० च्या दशकात बंद पडली आणि इतर अनेक चाचणी-भट्ट्याही एकेक करून मावळल्या. त्याहून मोठी अडचण अशी की, विखंडनाचे न्यूट्रॉन सरासरी २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे, तर संमीलनाचे १ कोटी ४१ लाखांचे. त्या ऊर्जेचा, वर्षानुवर्षे टिकणारा आणि पुरेसा तीव्र न्यूट्रॉन-झोत आज जगात कोठेही नाही. तो निर्माण करण्यासाठी स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ एक सुविधा उभी राहत आहे. म्हणजे ज्या माऱ्याखाली हा दगड टिकायचा आहे, तो मारा त्याने पूर्णतः कधी अनुभवलेलाच नाही. विग्नरनी ग्रॅफाइटविषयी निदान भट्टी बांधण्याआधी शंका काढली होती आणि तरीही विंडस्केल घडले.

भारतात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील एका छोट्या कार्यक्रमातून १९८६ साली प्लाझ्मा संशोधन संस्था स्वतंत्र झाली. ती आज गांधीनगरजवळ आहे. तिचे ‘आदित्य’ हे टोकामॅक यंत्र १९८९ मध्ये सुरू झाले. डिसेंबर २००५ मध्ये भारत फ्रान्समधील ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सामील झाला. या संस्थेने आखलेल्या भारतीय वेष्टनात एक वेगळी कल्पना आहे : वितळलेले शिसे-लिथियम वाहते ठेवायचे आणि त्याच्या जोडीला लिथियम टायटनेटच्या गोळ्यांचे थर द्यायचे. त्या गोळ्या घडवण्याच्या पद्धतींवर गांधीनगरप्रमाणेच मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झाले. भाभांनी दिलेली वीस वर्षांची मुदत १९७५ मध्येच संपली होती. ते १९६६ साली माँ ब्लाँच्या विमान अपघातात गेले, कॉकक्रॉफ्ट पुढच्याच वर्षी.

विंडस्केलचे नाव १९८१ मध्ये बदलून सेलाफील्ड झाले. पहिल्या भट्टीचा गाभा मात्र आगीनंतर पुढली कित्येक दशके बंदिस्तच राहिला. वितळलेल्या, वाकलेल्या नळकांड्यांतील सुमारे १५ टन इंधन आत अडकून होते. आणि तो गाभा उलगडण्याचे बेत आखणाऱ्या अभियंत्यांना १९५७ नंतरही पहिला प्रश्न हाच सोडवावा लागला की, न जळलेल्या ग्रॅफाइटमध्ये विग्नरची ऊर्जा अजून किती उरली आहे.